एलादियोसाठी कोण गाणार

त्रान्सितो दारात येऊन उभी राहिली तेव्हा पेर्पेतुआ ओसरीवर बसून माशांची खवलं काढत होती. वर न बघताही कोण आलंय ते तिला कळलं. कित्येक वर्षांत ही बाई या दारात आली नव्हती. वाटेत समोरासमोर गाठ पडायची वेळ आली तर दोघींपैकी एक जण केळीच्या बागेत वळायची आणि दुसरी निघून जाईपर्यंत तिथेच उगाच पानं चाचपत उभी राहायची.

"कोमाद्रे," त्रान्सितो म्हणाली.

पेर्पेतुआची सुरी थांबली नाही. कोमाद्रे हे नातं बाप्तिस्म्याचं. त्रान्सितोच्या मुलाला, एलादियोला, बाप्तिस्म्याच्या वेळी पेर्पेतुआनेच हातांवर धरलं होतं, नावही तिनेच सुचवलं होतं. तेव्हापासून ती त्याची धर्ममाता आणि या दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. लोमिता गावात हे नातं रक्ताच्या नात्याहून घट्ट मानतात. सख्ख्या बहिणी भांडल्या तर लोक मजा बघतात, पण कोमाद्रे भांडल्या तर फादरना बोलावणं धाडतात.

"एलादियोला मारलं," त्रान्सितो म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "त्याच्याच माणसांनी. बंदूक टाकून घरी यायला निघाला होता म्हणे. खाली वळणावर, वाळूच्या पट्ट्यावर टाकलाय. कुणी शिवायचं नाही, असं सांगून ठेवलंय."

सुरी थांबली. मासा परातीत निसटला.

कुणी शिवायचं नाही. असाच हुकूम पेर्पेतुआने आधीही ऐकला होता, आणि तो याच एलादियोच्या तोंडून.

तिचा मुलगा अनिसेतो प्रवासी होडी चालवायचा. नदीच्या मुखापासून वरच्या गावांपर्यंत माणसं, केळीचे घड, डुकरं, जे मिळेल ते घेऊन जायचा. जंगलातल्या बंदूकवाल्यांच्या मनात कुणीतरी भरवून दिलं की हा लष्कराला बातम्या पोचवतो. एका सकाळी त्यांनी त्याला धक्क्यावरून ओढत नेलं आणि सगळ्या गावादेखत गोळी घालून पाण्यात लोटलं. मग धक्क्याच्या पायरीवर एलादियो उभा राहिला. खांद्याला बंदूक, डोक्यावर हिरवी टोपी. "याला कुणी पाण्याबाहेर काढायचं नाही," तो म्हणाला. "काढेल त्याचीही हीच गत." बोलताना तो सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता, फक्त आपल्या धर्ममातेकडे सोडून.

अनिसेतोचा देह काठाजवळच्या एका झाडाच्या मुळांत अडकून राहिला होता. वल्हं लांब केलं असतं तर लागलं असतं, इतक्या जवळ. पेर्पेतुआ काठावर बसून गिधाडं हाकत राहिली, पाण्यात मात्र उतरली नाही. घरात सून होती, नातवंडं होती. मग डोंगरात पाऊस झाला, पाणी चढलं आणि नदीने त्याला सोडवून नेलं. तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

त्या दिवसापासून पेर्पेतुआ गायली नव्हती.

तिचं न गाणं ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. त्या नदीकाठच्या गावांत माणूस मेला की ना ढोल वाजतो ना गिटार. बाया मृताला अंघोळ घालतात, पांढऱ्या चादरीवर निजवतात, उशापायथ्याला मेणबत्त्या लावतात आणि नुसत्या गळ्याने गातात. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी झेलायची. पुढे नऊ दिवस हेच. पेर्पेतुआ ही लोमिताचा पहिला आवाज होती, जशी तिची आई होती आणि आईची आई. आई सांगायची, मेलेला माणूस आंधळ्यासारखा असतो. ओळखीचा आवाज ऐकत ऐकत, चाचपडत, तो देवाच्या दारापर्यंत पोचतो. आवाज थांबला की वाट चुकतो.

अनिसेतोसाठी कुणी आवाज काढला नव्हता. देहाशिवाय जागरण करायलाही लोक घाबरले, आणि तिने आग्रह धरला नाही. ज्या गळ्यातून पोटच्या पोरासाठी सूर निघाला नाही, तो दुसऱ्यांच्या पोरांसाठी कशाला उघडायचा, असं तिला वाटायचं. गावातल्या मयतांना बेनिल्दा गायची, तिची जुनी जोडीदारीण आणि गावचा दुसरा आवाज. बेनिल्दाचा गळा बारीक होता, ओळ झेलायला छान, उचलायला कमी पडायचा. लोक चालवून घेत.

चर्चमध्ये मात्र पेर्पेतुआ जात राहिली. देवाशी तिचं भांडण होतं, पण अबोला नव्हता. शुभ शुक्रवारी लाकडी ख्रिस्ताला क्रूसावरून उतरवून मारियेच्या पायाशी ठेवत, तेव्हा सगळ्या बाया रडत आणि पेर्पेतुआ कोरड्या डोळ्यांनी त्या आईकडे बघत म्हणायची, तुला निदान मांडीवर तरी मिळाला. एवढंच. दर वर्षी तेवढंच म्हणून ती घरी यायची.

"माझ्याकडे का आलीस?" तिने आता विचारलं.

"मला एकटीला उचलवणार नाही," त्रान्सितो म्हणाली. "आणि त्याला गाण्याशिवाय पुरायचं नाही मला. तू त्याची धर्ममाता आहेस."

"धर्ममाता आहे ते त्याला त्या दिवशी आठवलं नाही."

"नाही आठवलं," त्रान्सितो म्हणाली. ती वाद घालायला आलीच नव्हती. दाराच्या चौकटीला धरून ती उभी राहिली, आणि 'जा' म्हटलं असतं तर गेलीही असती.

तेवढ्यात कुंपणापलीकडून बेनिल्दा आली. बातमी तिला आधीच कळली होती. बातमी गावभर फिरली होती आणि एकेका घराची दारं आतून लागत होती. बेनिल्दाने त्रान्सितोकडे पाहिलंही नाही. ती पेर्पेतुआला म्हणाली, "तुझ्या पोराला ज्यानं शिवू दिलं नाही, त्याच्यासाठी तू जीव धोक्यात घालणार? पाण्यात राहून माशाशी वैर करायचं वय आहे का आपलं? गिधाडांचंही पोट आहे म्हण, आणि घरात बस."

नंतर, पुष्कळ दिवसांनी, ती सांगायची की त्या क्षणी तिच्या मनात क्षमाबिमा काही आलं नव्हतं. एलादियो तिथे पडलाय म्हटल्यावर आधी एक गोड गारवा वाटला होता, आणि त्या गारव्याची तिला भीती वाटली. तिला दिसलं ते वेगळंच. काठावर बसून गिधाडं हाकणारी एक बाई. फरक इतकाच की या वेळी ती बाई त्रान्सितो होती.

तिने परातीवर फडकं टाकलं, हात धुतले आणि खुंटीवरची पांढरी चादर काढली.

"होडी कुणाची घ्यायची?" तिने विचारलं.

बेनिल्दाने कपाळाला हात लावला. दोघी उताराने नदीकडे निघाल्या तशी ती मागून बडबडत आली. एकीचा गुडघा गेलेला, दुसरीला दम, आणि ते एवढं धूड उचलायला निघाल्यात, वल्हं तरी धरता येतंय का दोघींना. होडी सुटली तेव्हा मागच्या टोकाला वल्हं घेऊन बेनिल्दाच बसली होती, आणि तोंड अजून चालूच होतं.

सकाळ होती, पण ऊन चढलं होतं. नदी तांबूस, जड. वाटेतल्या घरांच्या धक्क्यांवर कपडे धुणाऱ्या बाया होडी दिसली की मान खाली घालत. कुणी हाक मारली नाही. एक म्हातारा तेवढा टोपी काढून उभा राहिला, मग इकडेतिकडे बघून त्याने ती परत घातली.

पेर्पेतुआने मध्येच विचारलं, "माझ्या अनिसेतोबद्दल तो कधी काही बोलला?"

त्रान्सितो पाण्याकडे बघत होती. खोटं बोलण्याची याहून सोयीची वेळ नव्हती. दोन गोड शब्द जोडून सांगितले असते, पोरगा रात्र रात्र रडायचा म्हणाली असती, तर पेर्पेतुआने कदाचित मानलंही असतं.

"नाही," ती म्हणाली. "मी एकदा विचारलं होतं. ताट सरकवून उठला. त्यानंतर दोन वर्षं माझ्याकडे जेवला नाही."

बेनिल्दाचं वल्हं पाण्यात पडत राहिलं. पेर्पेतुआने मान हलवली. ते उत्तर तिला पुरलं नाही, पण खरं वाटलं.

वळण घेतल्यावर गिधाडं दिसली. वाळूच्या पट्ट्यावर दोन बंदूकवाले एका उन्मळलेल्या झाडाच्या सावलीत बसले होते. एक दाढी न फुटलेला, दुसरा चाळिशीचा, वरचा ओठ फाटून शिवलेला. त्यांच्यापासून थोड्या अंतरावर एलादियो पालथा पडला होता.

होडी वाळूला लागायच्या आत ओठफाटक्या उठला आणि त्याने बंदूक आडवी धरली.

"परत जा."

त्रान्सितोने पाण्यात पाय टाकला. त्याने बंदूक सरळ केली. "आजी, मी दुसऱ्यांदा सांगत नसतो."

पेर्पेतुआ होडीतूनच बोलली. कुठून सुचलं कुणास ठाऊक, पण बायबलमधलंच सुचलं, कारण मयताच्या प्रसंगी तिच्या डोक्यात दुसरं काही असायचंच नाही.

"पिलातानं येशूला क्रूसावर दिलं," ती म्हणाली, "पण देह मागायला माणूस गेला तेव्हा नाही म्हणाला नाही. तुमचा कमांडर पिलातापेक्षाही मोठा साहेब आहे का?"

पोरगा फिसकन हसला. ओठफाटक्या हसला नाही. "ससाण्याचा देह पडून राहणार. हुकूम आहे."

"ससाणा कोण?"

"हाच."

"याचं नाव एलादियो," पेर्पेतुआ म्हणाली. "मी ठेवलंय."

मग पट्ट्याचा रेडिओ काढून तो बोलू लागला. रेडिओतून नुसती खरखर आली. त्याने पुन्हा प्रयत्न केला, झाडावर चढून केला. डोंगराआड असले की यांचे रेडिओ लागत नाहीत, हे नदीवर सगळ्यांना माहीत होतं. शेवटी तो खाली उतरला आणि म्हणाला, रेडिओ लागेपर्यंत बसा, रडायचं ते रडा. उचलायचं नाही. उचलाल तर मला गोळी घालावी लागेल, आणि मी घालेन.

तिघी वाळूवर उतरल्या.

त्रान्सितोने मुलाला उताणा केलं. बेनिल्दाने तोंडाने चकचक करत गिधाडं लांब पिटाळली. पेर्पेतुआने कमरेचं फडकं नदीत भिजवून आणलं आणि त्याचा चेहरा पुसला, कारण पुसायलाच हवा होता. वाळू आणि रक्त निघाल्यावर खाली तोच चेहरा निघाला, लहानपणी तिच्या ओसरीवर उसाची कांडकी चघळणारा, फक्त आता गालफडं बसलेला. तिला त्याचा राग आला, आणि रागात हात थांबला नाही.

"गा ना, कोमाद्रे," त्रान्सितो म्हणाली.

पेर्पेतुआने तोंड उघडलं. काहीच आलं नाही. तिने पुन्हा श्वास घेतला, पुन्हा नुसती हवा. बेनिल्दा तिच्याकडे बघत थांबली होती. ओळ उचलणं तिचं काम नव्हे. ओठफाटक्या रेडिओ कानाला लावून त्यांच्याकडे पाठ करून उभा होता.

मग त्रान्सितोनेच सुरू केलं.

त्रान्सितोला गाता येत नसे. हे गावात इतकं जगजाहीर होतं की चर्चमध्ये तिला शेवटच्या बाकावर बसवत. तिने ओळ उचलली ती भलत्याच पट्टीत, आणि दुसऱ्या शब्दाला ती कोसळली.

*दार उघड गे मारिये, दारी आला कुणी एक…*

तिने पुन्हा उचलली, पुन्हा भलतीकडे गेली. सूर म्हणजे ओलं लाकूड चिरल्यासारखा. पण ती थांबत नव्हती. मुलाचं डोकं मांडीवर घेऊन, डोळे मिटून, ती त्या गाण्याची चिंधी चिंधी करत पुढे चालली होती. 'एक' हा शब्द जिथे लांबवून खाली आणायचा तिथे तिने तो वर नेला, आणि तिथे पेर्पेतुआला राहवलं नाही.

तिला राहवलं नाही, याला दुसरं नाव नाही. आयुष्यभर जी बाई गाण्यात जगली तिच्या कानाला ते सोसवेना. तो सूर तिथे जात नाही, असं म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि शब्दांऐवजी सूरच बाहेर आला, जिथे जायचा तिथे जाणारा.

*…पाय माखले चिखलाने, तरी तुझाच तो लेक.*

आवाज जुना झाला होता, कडेने फाटला होता. पण मोठा होता. पाण्यावरून तो समोरच्या काठावर गेला आणि परत आला. बेनिल्दाने क्षणाचाही वेळ न घालवता ओळ झेलली, जशी वर्षानुवर्षं झेलत आली होती, अर्ध्या सुराने वर. त्रान्सितो गप्प झाली आणि तिने तोंड मुलाच्या केसांत लपवलं.

कडवं पुढे गेलं. त्यात एक जागा असते जिथे मेलेल्याचं नाव घ्यायचं असतं. गाणारीला ती जागा दुरून दिसते, जशी वल्हवणाऱ्याला धार दिसते. पेर्पेतुआला ती येताना दिसली. आजवर शेकडो नावं तिने तिथे बसवली होती, चांगल्यांची, दारूड्यांची, बायकोला मारणाऱ्यांची, आणि कधी अडखळली नव्हती. नाव घेतलं की माणूस देवाच्या हवाली. पुढचा हिशेब तिच्याकडे नाही. हे तिला माहीत होतं, सगळं माहीत होतं, तरी जीभ टाळूला चिकटली.

*नाव त्याचे एलादियो,* ती गायली, *घे गे शालीच्या सावलीत.*

आणि बेनिल्दाने ती ओळ झेलायच्या आतच, श्वास न घेता, तिने ती पुन्हा उचलली. तसं कुणी करत नाही. एका देहावर एकच नाव गातात.

*नाव त्याचे अनिसेतो, घे गे शालीच्या सावलीत.*

बेनिल्दाचा आवाज फुटला, पण तिने तीही झेलली. पेर्पेतुआच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याचा तिच्या सुरावर काही परिणाम होत नव्हता. रडत गायला तिच्या आईने तिला लहानपणीच शिकवलं होतं. नदी त्याच चालीने खाली जात होती, ज्या चालीने तिने अनिसेतोला नेलं होतं, आणि गाणं तिच्याबरोबर जात होतं.

रेडिओ लागला तो याच वेळी.

खरखरीतून एक आवाज आला. तो काय म्हणाला ते बायांना कळलं नाही, ओठफाटक्याची उत्तरं तेवढी ऐकू आली. त्याने हात वर करून त्यांना गप्प केलं. "काही नाही, कमांडर," तो म्हणाला. "पलीकडच्या काठावर बाया रडताहेत." मग बराच वेळ ऐकत राहिला. पोरगा आळीपाळीने त्याच्याकडे आणि बायांकडे बघत होता. "पाण्यात," ओठफाटक्या म्हणाला. "कळलं. हो. आत्ताच ढकलतो."

त्याने रेडिओ बंद करून पट्ट्याला लावला. मग बंदूक घेऊन चालत आला आणि देहाजवळ उभा राहिला. त्रान्सितोने मुलाला दोन्ही हातांनी कवटाळलं. पेर्पेतुआला वाटलं, आता संपलं. तिने स्वतःशी 'आमच्या बापा' सुरू केलं, पण दुसऱ्या ओळीतच ती पुढचं विसरली.

"पाण्यात ढकलतो, असं मी सांगितलंय," तो म्हणाला. "म्हणजे याला नदीने नेलं. चर्चमध्ये न्यायचं नाही, गावच्या दफनभूमीत न्यायचं नाही, क्रूस लावायचा नाही. कुणाच्या तोंडून शब्द फुटला तर आधी मी मरेन आणि मग तुम्ही." पोराकडे वळून तो म्हणाला, "तू पाय धर." आणि खांदे त्याने स्वतः धरले.

होडीत देहावर चादर, चादरीवर केळीची पानं आणि त्यावर बेनिल्दा बसली, कुणी विचारलं तर पानं विकायला चाललेय म्हणायला. विचारलं कुणीच नाही. त्याच दुपारी त्रान्सितोच्या वरच्या अंगाच्या मळ्यात, जिथे वाटेवरून माणूस दिसत नाही, तिघींनी फावड्याने खड्डा खणला. तो फार खोल झाला नाही. वर त्यांनी कसाव्याची रोपं लावली.

खरा ताण त्यानंतर होता. नऊ दिवसांची प्रार्थना करायची तर करायची कशी? रात्री दिवा लावला तर नदीवरून दिसतो. म्हणून त्रान्सितोच्या स्वयंपाकघरात, भर दुपारी, खिडकीला पोतं लावून त्या तिघी बसायच्या. स्टुलावर एक मेणबत्ती आणि पाण्याचा पेला. गळा खुला करून गायची गाणी त्या कुजबुजत गायच्या. पेर्पेतुआ म्हणायची, कुजबुजत गाणं हे ओरडून गाण्यापेक्षा अवघड, सूर लपायला जागाच राहत नाही. बाहेर कुत्रं भुंकलं की तिघी थांबत. मोटारहोडीचा आवाज आला की मेणबत्ती विझवत. गावाला काय झालंय ते बहुधा कळलं होतं. कारण तिसऱ्या दिवशी त्रान्सितोच्या पायरीवर कुणीतरी केळीचा घड ठेवला आणि पाचव्या दिवशी कॉफीची पुडी, पण समोर येऊन कुणी काही बोललं नाही. ज्यांनी त्या सकाळी दारं लावली होती त्यांनीच आता तोंडाला कुलूप लावलं, आणि या वेळी ते कुलूप उपयोगी पडलं.

शेवटच्या दिवशी, गाणी संपत आली होती, तेव्हा दारावर थाप पडली. बेनिल्दाने मेणबत्ती विझवली. दुसरी थाप पडली. त्रान्सितोने दार उघडलं तर ओठफाटक्या उभा होता. अंगात साधा सदरा, हातात बंदूक नाही. बंदूक नसल्याने तो जास्तच भीतिदायक वाटला, असं बेनिल्दा पुढे सांगायची.

तो आत आला, पण बसला नाही. चुलीजवळ उभा राहून म्हणाला की त्याची वरच्या डोंगरात बदली केलीय. कमांडरला काही कळलंय की नाही, त्याला माहीत नव्हतं. त्याने कॉफी नाकारली. मग पेर्पेतुआला म्हणाला, "ते जे नाव घेता तुम्ही. ते खरंच हवं लागतं का? म्हणजे आमच्याकडे सगळे मला ओठ्या म्हणतात. मेल्यावर नदीत तेच नाव जाईल."

"ओठ्या हे काही देवाच्या वहीतलं नाव नाही," पेर्पेतुआ म्हणाली. "बाप्तिस्म्याचं सांग."

तो दाराकडे बघून हळूच म्हणाला, "बोनिफासियो देल रोसारियो." तो ज्या तऱ्हेने म्हणाला त्यावरून ते नाव त्याने फार दिवसांत उच्चारलं नसावं.

पेर्पेतुआने ते ओठांत घोळवून पाहिलं. बोटाने गुडघ्यावर ताल धरला. "लांब आहे," ती म्हणाली. "अख्खं बसणार नाही. बोनिफासियो बसेल."

"तेवढं पुरे," तो म्हणाला.

त्याने हे काय मागितलं ते तिथल्या सगळ्यांना समजलं होतं, आणि कुणी त्याला धीर दिला नाही, कारण खोटा धीर त्याला नको होता. त्याने किती जणांना मारलं असेल हे पेर्पेतुआच्या मनात आलं, आणि अनिसेतोच्या वेळी हा धक्क्यावर होता का, हेही. तिने विचारलं नाही. तिने त्याला एवढंच सांगितलं की तिला बातमी कळली तर ती गाईल, आणि कळली नाही तर दर वर्षी आत्म्यांच्या दिवशी, सगळ्या मृतांसाठी प्रार्थना करतात तेव्हा, गाईल, म्हणजे चुकायला नको. तो मान हलवून निघाला. केळीच्या झाडांतून नदीकडे उतरताना तो दिसला, मग दिसला नाही. त्याची बातमी शेवटपर्यंत आली नाही.

बंदूकवाले त्या नदीवर आणखी बरीच वर्षं राहिले. गावात मयतं होत राहिली, म्हातारपणाची, तापाची, गोळीची. पुढचं मयत झालं तेव्हा लोकांनी सवयीने बेनिल्दाला बोलावलं. बेनिल्दा म्हणाली, "मी झेलायला येईन. उचलणारीला बोलवा." पेर्पेतुआ आली आणि मेणबत्तीजवळच्या आपल्या जुन्या जागी बसली. त्रान्सितोही आली आणि बायांच्या मागे, भिंतीला टेकून बसली. पेर्पेतुआने मान वळवून तिला पुढे सरकायला सांगितलं, आणि म्हणाली, "तोंड मात्र उघडू नकोस, कोमाद्रे." त्रान्सितो सरकली. मग पेर्पेतुआने ओळ उचलली.